बायबल पहिल्यांदा वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल पहिल्या पानापासून वाचायला घ्यावं का?

घेऊ नये. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे ५० अध्याय भराभर वाचून होतात, निर्गम या दुसऱ्याचे पहिले २० सुद्धा. मग निर्गमाच्या २५व्या अध्यायात निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात: कोश (पेटी) अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, पुढे पडदे, फळ्या, कड्या, खुंट्या. हे ३१व्या अध्यायापर्यंत चालतं. मधे सोन्याच्या वासराचा प्रसंग येतो आणि ३५ ते ४० मध्ये तेच सगळं, आता प्रत्यक्ष बांधताना, पुन्हा सांगितलं जातं. पाठोपाठ लेवीय या पुढच्या पुस्तकाचे २७ अध्याय, त्यात होमार्पण, अन्नार्पण, शुद्ध-अशुद्धाचे नियम. नवे वाचक बहुतेक इथेच पुस्तक मिटतात आणि आपल्याला हे झेपणारं नाही अशी समजूत करून घेतात.

चूक वाचकाची नसते. यज्ञ कसा होतो, याजक काय करतो हे डोळ्यांनी पाहिलेल्या लोकांसाठी ते अध्याय लिहिले गेले. त्यांचं महत्त्व कळायला आधी बाकीची गोष्ट माहीत हवी. नव्या करारातलं, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या दुसऱ्या भागातलं, इब्री (हिब्रू) लोकांस हे पत्र (१३ अध्याय) वाचून लेवीय उघडलं, की तेच नियम बोलू लागतात.

मग सुरुवात कुठून करावी?

मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या वृत्तांतापासून. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे, अध्याय १६. मोठ्याने वाचलं तरी साधारण दीड तासात संपतं. मत्तय वंशावळीने सुरू होतो, योहान ‘प्रारंभी शब्द होता’ अशा गहन वाक्याने. मार्क थेट कामाला लागतो. मूळ ग्रीकमध्ये ‘लगेच’ या अर्थाचा शब्द या छोट्या पुस्तकात चाळीसच्या आसपास वेळा येतो. भाषांतरात तो बराच गाळला जातो, पण घाई जाणवते.

वाचताना एक खूणगाठ बांधून ठेवा. पहिले आठ अध्याय बहुतेक गालीलात घडतात आणि येशूविषयी सारखा एकच प्रश्न उभा राहतो: हा कोण? ८:२९ मध्ये (अध्याय ८, वचन २९) पेत्र हा शिष्य उत्तर देतो: तू ख्रिस्त आहेस. लगेच ८:३१ ला येशू आपल्या मरणाबद्दल बोलतो, पुन्हा ९:३१ ला, पुन्हा १०:३३ ला. आणि ११व्या अध्यायापासून शेवटपर्यंत यरुशलेमेतला शेवटचा आठवडा. १६ पैकी ६ अध्याय एका आठवड्याला दिले आहेत; लेखकाच्या लेखी काय महत्त्वाचं होतं ते या वाटणीवरूनच दिसतं.

मार्क झाल्यावर पुढचा क्रम?

आमचा सुचवलेला क्रम असा: मार्क (१६ अध्याय), उत्पत्ती (५०), निर्गम १ ते २० (२०), लूक (२४), प्रेषितांची कृत्ये (२८), फिलिप्पैकरांस पत्र (४), मग योहान (२१). एकूण १६३ अध्याय. रोज एक धरला तर साडेपाच महिने होतात. लूक आणि प्रेषितांची कृत्ये यांच्यामध्ये दुसरं काही घालू नका. दोन्ही पुस्तकं एकाच लेखकाची, एकाच थियफिलाला उद्देशून लिहिलेली आहेत आणि एकमेकांना जोडूनच वाचायची आहेत. उत्पत्ती जड वाटलं तर १२ ते २५ (अब्राहाम) आणि ३७ ते ५० (योसेफ) एवढं आधी वाचा. योसेफाची गोष्ट तर एका बैठकीत वाचावी; तुकडे केले तर तिचा ताण जातो.

‘मार्क ४:३५-४१’ म्हणजे काय?

पुस्तक मार्क, अध्याय ४, वचनं ३५ ते ४१. वचनालाच काही ठिकाणी ओवी म्हणतात. हे आकडे मूळ लेखकांचे नाहीत. अध्याय १३व्या शतकात पाडले गेले, नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे १५५१ साली एका मुद्रकाने घातले. म्हणून अध्याय संपला म्हणजे विषय संपला असं समजू नका. मार्क ९:१ हे वाक्य खरं तर ८व्या अध्यायाच्या शेवटच्या बोलण्याचाच भाग आहे.

रोज किती वाचावं?

सुरुवातीला एक अध्याय, १५ ते २० मिनिटं. संपूर्ण बायबल वर्षात संपवायचं तर १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीनहून अधिक. हा संकल्प पहिल्याच वर्षी करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सहा-सात अध्यायांचं ओझं, तिसऱ्या दिवशी दहा. आणि मग वाचन राहतं बाजूला, नुसती पानं उलटली जातात. त्यापेक्षा हा हिशोब बघा: नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच दिवस, रोज एक अध्याय, म्हणजे बरोबर ५२ आठवडे. उरलेले दोन दिवस राहिलेलं भरून काढायला किंवा आवडलेलं पुन्हा वाचायला.

उतारा ‘नीट वाचायचा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

तीनदा वाचायचा. पहिल्यांदा सलग, न थांबता. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन: कोण बोलतं, कोणाशी बोलतं, कुठे, केव्हा, कोणता शब्द पुन्हा येतो, काय अपेक्षेपेक्षा वेगळं आहे. तिसऱ्यांदा मोठ्याने, सावकाश. अर्थ लावायची घाई दुसऱ्या वाचनात करू नका; आधी दिसलं पाहिजे. वहीत एवढंच लिहा: काय दिसलं, काय कळलं नाही, आणि एक वाक्य जे सोबत न्यावंसं वाटलं.

वर दिलेलाच उतारा घ्या, वादळाचा. सुरुवात ‘त्याच दिवशी, संध्याकाळी’ अशी आहे. कोणता दिवस? अध्यायाच्या सुरुवातीला जा: येशू मचव्यात बसून दिवसभर दाखले सांगत होता तो दिवस. म्हणजे तो दमलेला आहे. ३६व्या वचनात त्याच्याबरोबर आणखीही मचवे होते असं म्हटलंय. त्यांचं पुढे काहीच येत नाही. गोष्ट रचणाऱ्याने असा सुटा धागा ठेवला नसता, म्हणून पाहिलेल्याची आठवण इथे ऐकू येते असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. ३८ ला तो मागच्या बाजूला उशीवर झोपलेला आहे. ‘उशी’ हा शब्द घाईच्या लेखकाने आवर्जून ठेवलाय.

आता पुन्हा येणारा शब्द शोधा. मूळ भाषेत ‘मोठं’ हा एकच शब्द तीनदा येतो: मोठं वादळ, मोठी शांतता, मोठी भीती. हा क्रम बघा. शिष्यांची ‘मोठी’ भीती वादळ शमल्यावर येते. वाऱ्याला धमकावून गप्प केलं त्यासाठी वापरलेली क्रियापदं १:२५ मध्ये अशुद्ध आत्म्याला गप्प करताना वापरलेलीच आहेत. आणि शेवट प्रश्नाने होतो: वारा आणि समुद्रही याचं ऐकतात, असा हा आहे तरी कोण?

समासातले संदर्भ पाहिलेत तर योना १ सापडेल: तिथेही वादळ, तिथेही माणूस गलबतात झोपलेला, तिथेही शेवटी खलाशांना मोठी भीती. स्तोत्र १०७:२३-३० मध्ये समुद्राच्या लाटा शांत करणारा परमेश्वर आहे. हे दोन उतारे वाचून मार्ककडे परत या. त्या शेवटच्या प्रश्नाचं वजन आता वेगळंच लागेल. सात वचनांना अर्धा तास लागला तर तो वाया गेलेला नाही.

एखादं वचन आवडलं म्हणून पाठ केलं, तर बिघडलं कुठे?

पाठांतर उत्तमच. फक्त वचन पाठ करण्याआधी त्याच्या मागचा-पुढचा परिच्छेद वाचा. फिलिप्पै ४:१३ हे त्याचं ठळक उदाहरण: जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो. परीक्षा, खेळ, धंदा, सगळीकडे हे वचन लावलं जातं. पण या पत्राचा लेखक पौल हे तुरुंगातून लिहितो आहे, आणि आधीच्या दोन वचनांत तो म्हणतो की पोटभर असताना आणि उपाशी असताना, विपुलतेत आणि टंचाईत कसं राहायचं हे मी शिकलो आहे. ‘सर्व काही’ म्हणजे ही सगळी परिस्थिती सोसणं. यशाची हमी त्यात नाही. त्याहून टिकाऊ असं काहीतरी आहे.

तसंच यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, हे बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद करून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं वाक्य आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात म्हटलंय की परत यायला ७० वर्षं लागतील. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण ती सुटका बघणार नव्हते. घरं बांधा, मळे लावा, त्या शहराचं हित बघा, असं तेच पत्र सांगतं. हे कळलं की वचनाची किंमत वाढते.

कोणतं भाषांतर घ्यावं?

एक मुख्य, एक मदतीला. काही भाषांतरं मूळ शब्दरचनेला धरून चालतात, काही अर्थ आजच्या वाक्यात मांडतात. पहिल्या प्रकारात गलती ५:१९ ला ‘देहाची कर्मे’ असं वाचायला मिळेल, दुसऱ्यात ‘पापी स्वभाव’ अशा अर्थाचं काही. पहिल्यात पौलाचा शब्द जसाच्या तसा राहतो, पण शरीर म्हणजेच वाईट असा गैरसमज होऊ शकतो. दुसऱ्यात अर्थ पटकन कळतो, पण तो भाषांतरकाराने लावलेला अर्थ असतो. नव्या वाचकाने सलग वाचनासाठी सोपं भाषांतर घ्यावं, अडलेल्या वचनाला जुनं, शब्दाला धरून असलेलं उघडावं. ‘करावयास’, ‘त्यास’ अशा भाषेला घाबरू नका, आठवडाभरात कान सरावतो.

छापील प्रत घेताना तळटीपा, समासातले संदर्भ आणि मागे नकाशे आहेत का ते बघा. अक्षर बारीक असेल तर घेऊ नका. डोळे दुखले की वाचन थांबतं.

काही बायबलांत ६६ पुस्तकं, काहींत ७३. असं का?

नवा करार सगळीकडे २७ पुस्तकांचाच. फरक जुन्या करारात आहे: प्रॉटेस्टंट प्रतीत ३९, कॅथलिक प्रतीत ४६. टोबीत, यहूदीथ, मक्काबींची दोन पुस्तकं, ज्ञानग्रंथ, बेन सीरा आणि बारूख ही जास्तीची सात; शिवाय एस्तेर आणि दानीएल यांत काही भाग अधिक. ऑर्थोडॉक्स परंपरेत आणखीही काही आहेत. सुरुवातीच्या वाचनाला याने काहीच फरक पडत नाही.

नावांचा गोंधळ होतो.

तो होणारच. याकोब हा उत्पत्तीतला इसहाकाचा मुलगा, आणि नव्या करारात याच नावाचे शिष्य व पत्रलेखकही आहेत. योहान दोन: बाप्तिस्मा करणारा आणि शिष्य. शिमोन, पेत्र आणि केफा हा मात्र एकच माणूस. शौल आणि पौल हाही एकच, पण शौल नावाचा राजा वेगळा. हेरोद तर तीन भेटतात: मत्तय २ मध्ये बालकांना मारणारा, मार्क ६ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर कापवणारा त्याचा मुलगा, आणि प्रेषितांची कृत्ये १२ मधला नातू. वहीच्या शेवटच्या पानावर नाव आणि वचन टिपत जा.

शब्द ओळखीचे वाटतात, पण अर्थ लागत नाही.

ओळखीचे शब्दच जास्त फसवतात. ‘शास्त्री’ म्हणजे इथे मोशेच्या नियमशास्त्राचे जाणकार. ‘संदेष्टा’ भविष्य सांगणारा ज्योतिषी नव्हे. देवाचा निरोप राजाच्या तोंडावर सांगणारा, आणि तो निरोप बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या काळाबद्दलच असतो. ‘ख्रिस्त’ हे आडनाव नाही, ती पदवी आहे. इब्रीत मशीहा, अर्थ ‘अभिषिक्त’. ‘सभास्थान’ गावोगाव असे, ‘मंदिर’ मात्र यरुशलेमेतलं एकच. ‘जकातदार’ हे रोमी सत्तेच्या बाजूने वसुली करणारे, म्हणून लोक त्यांचा तिरस्कार करत. हे माहीत नसेल तर येशू त्यांच्या पंक्तीला बसतो यात धक्का कसला ते कळणारच नाही. ‘पश्चात्ताप’ म्हणजे नुसतं वाईट वाटणं नव्हे, मागे फिरणं.

एखाद्या वचनाचा आकडाच गायब आहे. प्रत सदोष आहे का?

नाही. मार्क ९:४४ आणि ९:४६, प्रेषितांची कृत्ये ८:३७ अशी काही वचनं जुन्या हस्तलिखितांत नाहीत. आकडे पाडले तेव्हा ती मजकुरात होती; पुढे अधिक जुनी हस्तलिखितं तपासली गेल्यावर ती तळटीपेत गेली. मार्क १६:९-२० आणि योहान ७:५३ ते ८:११ हे कंसात दिसतील, त्याचंही कारण हेच. हे लपवलेलं नाही, तळटीपेत उघड लिहिलेलं असतं. तळटीपा वाचा.

चार शुभवर्तमानं एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा काय करायचं?

मार्क १०:४६ ला यरीहोजवळ एक आंधळा आहे, बार्तीमय. मत्तय २०:३० ला दोन आहेत. मंदिर साफ करण्याचा प्रसंग योहान दुसऱ्याच अध्यायात सांगतो, बाकीचे तिघं शेवटच्या आठवड्यात. ओढूनताणून एकच वृत्तांत तयार करू नका. प्रत्येकाने तो प्रसंग तिथेच का ठेवला, हा प्रश्न जास्त फळ देतो. म्हणूनच चारही एकदम समांतर वाचण्यापेक्षा एक संपवून दुसरं घ्यावं.

युद्धं, कत्तली, अत्याचार हेही पवित्र शास्त्रात आहे. ते कसं वाचायचं?

पहिली गोष्ट, सांगितलं म्हणजे मान्य केलं असं नव्हे. शास्ते १९ मधला प्रसंग बायबलमधल्या सर्वांत भयंकर प्रसंगांपैकी आहे, आणि पुस्तकाचं शेवटचं वाक्य त्यावरचा निकाल आहे: तेव्हा राजा नव्हता, ज्याला जे बरं वाटे ते तो करी. दुसरी गोष्ट, सगळं असं सुटत नाही. यहोशवाच्या पुस्तकातले संहाराचे आदेश विश्वासणाऱ्यांनाही शतकानुशतकं छळत आले आहेत. तिथे प्रश्नचिन्ह काढा, अस्वस्थता तशीच राहू द्या. ईयोब आणि कितीतरी स्तोत्रकर्ते देवाला तोंडावर जाब विचारतात, आणि त्यांचे ते प्रश्न शास्त्राचाच भाग झाले आहेत.

स्तोत्रं कशी वाचावीत?

मोठ्याने, रोज एक, मुख्य वाचनाच्या सोबतीला. इब्री कविता यमकावर चालत नाही, जोडओळींवर चालते: आकाश देवाचा महिमा सांगतं, अंतरिक्ष त्याच्या हातचं काम दाखवतं (१९:१). दुसरी ओळ पहिलीला पुढे नेते, उलटवते किंवा खोल करते. दोन्हींच्या मध्ये क्षणभर थांबा. एकूण १५० आहेत. सर्वांत लहान ११७वं, दोन वचनांचं. सर्वांत मोठं ११९वं, १७६ वचनांचं, ते आठ-आठ वचनांच्या २२ भागांत वाचावं. सुरुवातीला १, १९, २३, ५१, १०३, १२१ घ्या. दुःखात असाल तर ८८ वाचा. ते अंधार या शब्दावर संपतं आणि कसलंही सांत्वन घाईने पुढे करत नाही.

काही प्रतींत २३वं स्तोत्र २२ या आकड्याखाली सापडतं. ग्रीक भाषांतरात दोन स्तोत्रं जोडली गेल्यामुळे पुढचे बरेच आकडे एकने मागे सरकले आहेत.

नवा करार पुरेसा नाही का? जुना लागतोच का?

मार्क १५ उघडा. वधस्तंभावर येशू ओरडतो: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? (१५:३४) हे २२व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. ते स्तोत्र काढून शेजारी ठेवा. त्याच्या १८व्या वचनात कपडे वाटून घेऊन चिठ्ठ्या टाकणं आहे, मार्क १५:२४ मध्येही तेच. ७व्या वचनात डोकी हलवून थट्टा करणारे आहेत, मार्क १५:२९ मध्येही. आणि स्तोत्र तिथे संपत नाही. २२व्या वचनापासून ते स्तुतीकडे वळतं. जुना करार न वाचणाऱ्याला एक आक्रोश ऐकू येतो. वाचणाऱ्याला तोच आक्रोश ऐकू येतो, आणि त्याच्यामागे उभं असलेलं संपूर्ण स्तोत्रही.

प्रकटीकरण हे बायबलचं शेवटचं पुस्तक कधी वाचावं?

शेवटी. त्याच्या २२ अध्यायांतली प्रतीकं जुन्या करारातून, विशेषतः दानीएल, यहेज्केल आणि जखऱ्या यांतून आलेली आहेत. ती माहीत नसताना वाचलं की माणूस त्यात आजच्या बातम्या शोधू लागतो. पहिले तीन अध्याय मात्र, सात मंडळ्यांना (ख्रिस्ती समुदायांना) लिहिलेली पत्रं असलेले, आधी वाचले तरी चालतील.

विश्वास नसताना वाचलं तर चालेल का?

चालेल. प्रार्थना करून वाचायचं असेल तर एक वाक्य पुरे: मला दिसू दे. ते म्हणता येत नसेल तर न म्हणता वाचा. मार्क ९:२४ मधला बाप म्हणतो, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका. एवढ्यावर त्याच्या मुलाला बरं केलं जातं.

मधेच महिनाभर खंड पडला. आता?

राहिलेलं भरून काढायला बसू नका. जिथे थांबलात त्याच्या आधीचा एक अध्याय वाचा, म्हणजे धागा हाती लागेल, आणि पुढे चला. पुस्तकच विसरलं असेल तर मार्क पुन्हा पहिल्यापासून, दीड तासाचं काम आहे. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा कोणाबरोबर तरी वाचा. दोघांनी एक उतारा वाचावा, प्रत्येकाने न कळलेली एक गोष्ट सांगावी. तुमच्या नजरेतून सुटलेली उशी दुसऱ्याला दिसते.